डबा वाजला तो बुधवार

आमच्या घरात हात चालायचा. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचताना कुणाला वाटायचं की मारहाण काय ती डोंगरापलीकडच्या पाड्यांवर, आणि आम्ही सिल्वासातली शिकलीसवरलेली सरकारी माणसं अगदी गरीब गाय. अण्णा मराठी शाळेत मास्तर होते. शाळेत त्यांची पट्टी प्रसिद्ध होती. घरी पट्टी शोधण्यात वेळ जातो म्हणून ते पायातली चप्पल काढत. आईला चप्पल काढायलाही फुरसत नसे. तिच्या हाताला जे लागेल ते: डाव, लाटणं, एकदा तर धुवून पिळलेला ओला टॉवेल. ओल्या टॉवेलाचा मार कसा लागतो ते ज्याने खाल्लाय त्यालाच ठाऊक. मी मार खाऊन परसात जायची आणि तिथल्या कोंबड्यांना खडे मारायची. कोंबड्या कुणाला मारत होत्या ते मी पाहिलं नाही.

आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं, मागे पत्र्याची मोरी आणि एक पेरूचं झाड. पहाटे कारखान्याचा भोंगा झाला की समोरच्या चाळीतून धुळे-जळगावकडचे कामगार डबे घेऊन निघत, आणि त्यांच्या खोल्यांतून मिरचीच्या ठेच्याचा ठसका आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येई. आई स्टोव्हला पंप मारता मारता खोकायची आणि त्यांच्या नावाने चार शब्द बोलायची, पण रविवारी त्यांच्यातलीच एखादी बाई ठेच्याची वाटी घेऊन आली की आई वाटी रिकामी परत पाठवत नसे. आई रत्नागिरीकडची. तिच्या माहेरून वर्षाचे कुळीथ यायचे, आणि बुधवारी सकाळी आमच्याकडे कुळथाची पिठी, भात आणि भाजलेलं सुकट हे ठरलेलं होतं. कारण बुधवारी आई खानवेलची पहिली बस पकडायची आणि संध्याकाळपर्यंत तिच्या पोटात दुसरं काही जाईल याची खात्री नसायची.

आई सरकारी नर्स होती. खानवेलच्याही पलीकडे, बस सोडून तासभर चाललं की आंबेपाडा लागायचा. तिथे एक खोली आणि एक ओटा एवढा दवाखाना होता. बुधवार हा लहान मुलांना लस टोचायचा दिवस. बर्फाच्या वड्या घातलेली निळी पेटी खांद्याला अडकवून आई जायची. त्या पेटीचा पट्टा तिच्या डाव्या खांद्यावर कायमचा वळ ठेवून गेला. पेटीतली गोवराची लस एकदा फोडली की काही तासांत वापरावी लागे, नाहीतर फेकून द्यायची. वरून साहेब विचारत, किती टोचल्या? खालून पाड्यावरच्या बाया विचारत, कशाला टोचतेस? आई या दोघांच्या मध्ये. ती झोपडी झोपडी करत जायची, शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसायची, त्यांच्याकडचं पाणी प्यायची, कोंबड्यांची, नागलीची चौकशी करायची आणि मग कधीतरी सुईचा विषय काढायची. चार झोपड्या झाल्या की दुपार. घरी येऊन पाय चोळत बसली की अण्णा म्हणत, "एवढं करून किती झाले? तीन? सरकार तुला पगार गप्पांचा देतं काय?" आई उत्तर देत नसे. उत्तर दिलं तर काय होईल ते तिला माहीत होतं.

आंबेपाडा एका शेठच्या इस्टेटीवर होता. म्हणजे कागदावर नव्हता. पोर्तुगीज गेले, कायदे झाले, जमिनी कुळांच्या नावावर चढल्या, लोकांच्या हातात शिक्क्याचे कागद आले. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून झोपडीच्या वाशाला खोचलेला मी पाहिला आहे. पण शेठची कोठी जिथल्या तिथे होती, आणि कोठीच्या ओट्यावर भिखू मुकादम बसलेला असायचा. त्याच्या डोक्यावर, वळचणीला, एक रिकामा पत्र्याचा डबा दोरीने टांगलेला होता. तो डबा पोर्तुगीजांच्या आधीपासून तिथे होता असं लोक सांगत, आणि पत्रा बदलत गेला तरी डबा तोच राहिला होता. तो वाजला की ऐकू येईल तिथल्या प्रत्येकाने हातातलं काम टाकून कोठीसमोर हजर व्हायचं. कशासाठी, ते विचारायचं नाही. गवत कापायचं असेल, लाकडं वाहायची असतील, शेठच्या घरी लग्न असेल. याला वेठ म्हणत. एवढं मला आईकडून ठाऊक होतं. त्या रीतीचा दुसरा अर्धा भाग मला ठाऊक नव्हता.

त्या वर्षी मी अकरावीत होते आणि दिवाळीची सुट्टी होती. आईला हिवताप आला होता. मंगळवारी तिला हुडहुडी भरली, बुधवारी पहाटे अंग जरा निवलं आणि ती म्हणाली, "मी जाणार." अण्णा ओरडले, एक भांडं भिंतीवर आपटलं, त्याचा पोचा पुढे कित्येक वर्षं वरणात दिसत असे. आई गेलीच. पेटी उचलायला म्हणून मला बरोबर घेतलं. मला ते अजिबात नको होतं. त्या दुपारी मैत्रिणीकडे फराळाला जायचं ठरलं होतं आणि माझ्या नव्या पंजाबी ड्रेसचा रंग तिथे कुणीतरी पाहायला हवा होता. तो ड्रेस मी आंबेपाड्याला जातानाही हट्टाने घातला.

चढणीवरच आईला पुन्हा थंडी वाजू लागली. दवाखान्याच्या ओट्यावर पोहोचली तेव्हा तिचे दात वाजत होते. तिने कांबळं अंगावर ओढलं, भिंतीला टेकली आणि मला म्हणाली, "शैले, मी टोचीन बसल्या जागी. तू जा आणि बायकांना सांग. पण हे बघ, दारातून ओरडायचं नाही. आत जायचं. बसायचं. पाणी दिलं तर प्यायचं. मग सांगायचं. येतील त्या येतील."

मी पहिल्या झोपडीत गेले. एक म्हातारी जात्याशी बसली होती. मी पोरांचं विचारलं, तिने मान हलवली. मी सुईचं सांगितलं, तिने पुन्हा मान हलवली. दुसऱ्या झोपडीचं दार ओढलेलं. तिसरी टेकडीवर, चौथी ओढ्यापलीकडे. ऊन चढत होतं, चपलेत काटा शिरला होता आणि ड्रेसच्या घेराला कुसळं लागली होती. पेटीतला बर्फ वितळत असणार हेही डोक्यात होतं. आपली घाई लपवायला तेवढं निमित्त मला पुरलं. परत फिरताना वाटेत कोठी लागली. भिखू मुकादम ओट्यावर पान जमवत बसला होता. वर डबा.

मी म्हणाले, "मुकादमकाका, तुम्ही तो डबा वाजवलात तर सगळे येतील ना? आईला बरं नाहीये. लस वाया जाईल."

तो हसला. मला अजून त्याचे लाल दात दिसतात. "अरे बेन, एवढंच ना? तू फिकर नको करू. नर्सबेनचं काम म्हणजे सरकारचं काम. एक डबा वाजला के सगळे हाजर."

आणि तो उठला, काठी घेतली आणि डब्यावर घाव घालायला लागला.

तो आवाज ऐकून काय झालं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. अर्धा तास झोपडी झोपडी फिरून मला एक माणूस हलवता आलं नव्हतं. आता टेकडी पळू लागली. बाया काखेत पोरं मारून पळत होत्या, शेतातले गडी विळे कमरेला खोचून पळत होते, ज्यांना पोरंबाळं नाहीत असे म्हातारेही काठी टेकत पळत होते. कोठीपासून दवाखान्याच्या ओट्यापर्यंत त्यांची रांग लागली. मुकादमाने सांगितलं, "पोराला सुई टोचायची हाय," आणि बायांनी न बोलता पोरांचे दंड उघडे केले. एका म्हाताऱ्याने स्वतःचाही दंड पुढे केला. मला खरं सांगायचं तर फार आनंद झाला. मी धावत आईकडे गेले आणि म्हणाले, "बघ, सगळे आणले!"

आईने रांग पाहिली. तिच्या डोळ्यांत ताप होता, पण तिला कळायला वेळ लागला नाही. "डबा कोणी वाजवायला सांगितला?"

"मी."

तिने पुन्हा एकदा रांगेकडे पाहिलं. मग, आता आलेच आहेत तर, असा विचार तिने केला असावा. कारण तिने सुई उकळत्या पाण्यातून काढली. आयुष्यभर ती त्या क्षणाबद्दल स्वतःला बोल लावत राहिली. म्हणायची, मी तेव्हाच उठून सगळ्यांना घरी पाठवायला हवं होतं. मी म्हणते, चूक माझी होती, तिने त्यात वाटा मागू नये.

दोन पोरांना टोचून झालं असेल. तेवढ्यात ओढ्याकडून एक बाई धावत आली. विशीतली असेल, धापा टाकत होती, कडेवर वर्षाच्या आतलं पोर, केस ओले. ती ओढ्यावर धुणं धुवत होती, तिथे डबा उशिरा ऐकू गेला. ही सोनकी. तिचा नवरा लहानू आधीच येऊन रांगेत उभा होता. ती येताना दिसली तसे रांगेतल्या सगळ्यांनी डोळे खाली घातले. मला कळेना, का? भिखू मुकादम कोठीच्या ओट्यावरून उतरला, भिंतीला टेकवलेला वेत उचलला. रीत अशी होती, की डब्यावर जो सगळ्यांच्या शेवटी येईल त्याला सगळ्यांसमोर मार. मग तो म्हातारा असो, गरोदर असो, आजारी असो. शेवटी कुणीतरी येणारच, म्हणून दर वेळी कुणीतरी मार खाणारच. त्यासाठी तर सगळे पळत होते. मला वाटलं होतं, माझ्यासाठी पळताहेत.

त्याने वेत पाठीवर ओढला. सोनकीने पोर वाचवायला अंग वळवलं, तोल गेला आणि ती ओट्याच्या दगडावर तोंडावर पडली. पोर हातातून सुटून मातीत गेलं. दगडावर रक्त आणि दाताचा तुकडा पडला. मुकादमाने दुसऱ्यांदा वेत उचलला, तेव्हा लहानू रांगेतून बाहेर आला. त्याने कमरेचा विळा काढला नाही, हे मी पोलिसांना दहादा सांगितलं. त्याने खालचा एक धोंडा उचलला आणि मुकादमाच्या कानशिलावर मारला. मुकादमाचा कान फाटला. तो ओरडला आणि कोठीतून शेठचे तीन रखवालदार दांडके घेऊन धावले.

त्यांनी लहानूला खाली पाडलं. एकाने त्याच्या छातीवर गुडघा दिला, दुसऱ्याने त्याचा उजवा हात दगडावर धरला आणि तिसऱ्याने त्या हातावर दांडकं घातलं. एकदा नाही. मोजले नाहीत मी. आवाज आधी कोरडा होता, नंतर ओला झाला. लहानू पहिल्यांदा ओरडला, मग गुरासारखा हंबरला, मग गप्प झाला. आणि रांग तशीच होती. हे मी कधीच विसरू शकले नाही. पन्नास पावलांवर सख्ख्या भावकीतला माणूस मोडला जात होता आणि बाया पोरांचे दंड उघडे करून जागच्या जागी बसून होत्या, कारण अजून कुणी 'जा' म्हटलेलं नव्हतं.

आई कांबळं फेकून उठली. हातात अजून सुई होती. ती शिव्या देत होती. माझ्या आईच्या तोंडून तशा शिव्या मी ना त्याआधी ऐकल्या, ना नंतर. ती जाऊन लहानूवर आडवी पडली. उचललेलं दांडकं तिच्या खांद्यावर बसलं. तेव्हा रखवालदार थांबले. माणसाचा हात मोडला याने ते थांबले नव्हते. सरकारी नर्सला लागलं याने थांबले.

लहानूला बैलगाडीतून रस्त्यापर्यंत आणि तिथून एका टेम्पोतून शहरात आणलं. कुठल्या दवाखान्यात ते लिहीत नाही, आता तिथे सगळी नवी माणसं आहेत. त्याला व्हरांड्यात, फरशीवर ठेवलं. खाटा रिकाम्या होत्या; दारातून दिसत होत्या. वॉर्डबॉय म्हणाला, "ताडी पिऊन मारामारी केली असेल. आधी पोलीस येऊ दे." आईचा खांदा सुजून कानाला लागला होता आणि अंगात ताप होता. तिने त्या वॉर्डबॉयची कॉलर धरली. तिला सोडवायला दोघे आले. तिथेही धक्काबुक्की, तिथेही शिवीगाळ. शेवटी डॉक्टर आला, आईला ओळखत होता, मग खाट मिळाली. त्याला खाट मिळाली ती नर्सच्या ओळखीवर. नुसता रोगी म्हणून त्याला ती मिळाली नसती. माझं पुढचं सगळं आयुष्य या एका गोष्टीवर रागावण्यात गेलं.

खाटेवर लहानू छताकडे बघत होता. मग आईला म्हणाला, "बाई, माझा आजा गोऱ्या सायबाची डोली वाही. घाटात थांबला तं मार खाय. माझा बाप शेठचं गवत वाही, त्याने पन मार खाल्ला. मला वाटला, आपल्या घरात जमिनीचा कागद हाय. मना कोन मारील?"

 मी खाटेच्या पायाशी उभी होते. माझ्या नव्या ड्रेसवर रक्त होतं, आणि ते कुणाचं होतं ते मला सांगता आलं नसतं.

घरी आल्यावर आईने मला मारलं. एक हात उचलत नव्हता, दुसऱ्याने मारलं. डावाने, पाठीवर, दंडावर, जिथे लागेल तिथे. "मी तुला काय सांगितलं होतं? आत जायचं! बसायचं!" असं दर फटक्याला म्हणत होती. मग डाव टाकून ती जमिनीवर बसली आणि आपल्याच हाताकडे बघत राहिली. त्यानंतर तिने माझ्यावर कधीही हात उगारला नाही. लोक म्हणतात, बरं झालं. मला त्या वेळी वाटलं होतं, मी तिच्या मारायच्याही लायकीची उरले नाही.

मुकादमाने पोलिसांत तक्रार दिली होती: लहानूने सरकारी नर्सवर हल्ला केला, रखवालदारांनी नर्सला सोडवलं. आईने जबानीत खरं ते सांगितलं. जमादार म्हणाला, बाई, तुम्हाला ताप होता, तुम्ही काय पाहणार? तुमची मुलगी तिथे होती, तिला पाठवा. म्हणजे लहानू तुरुंगात जातो की घरी, ते माझ्या तोंडावर आलं. त्याच संध्याकाळी अण्णांच्या शाळेत शेठचा माणूस येऊन गेला. अण्णांनी घरी येऊन दार लावून घेतलं. "गर्दी होती, मला दिसलं नाही. एवढंच म्हणायचं. आपल्याला इथे राहायचंय, शैला. क्वार्टर आहे, नोकरी आहे."

मी म्हणाले, "मला दिसलं."

चप्पल. पुन्हा विचारलं. पुन्हा मी तेच म्हणाले. पुन्हा चप्पल. आई मोरीच्या दारात उभी होती. ती मध्ये आली नाही. मला नंतर वाटत राहिलं की तिला ते उत्तर माझं माझ्याकडूनच यायला हवं होतं. किंवा ती फक्त थकली होती. तिला विचारायचं राहून गेलं.

मी चौकीत जाऊन जबानी दिली. वेत, दगड, दांडकं, विळा न काढणं, सगळं. सुजलेल्या गालाने बोलत होते, म्हणून जमादाराला वाटलं मला मुकादमानेच मारलं. मी त्याचा तो समज दूर केला नाही. लहानू सुटला. पण जमादाराने विचारलं, "डबा कोणी वाजवायला लावला?" तेव्हा मी म्हणाले, "माहीत नाही. मुकादमाने आपणहून वाजवला असेल." बाहेर आले तर लोक पाठीवर हात फिरवून म्हणाले, पोर धीट आहे. आजही कुणी कुणी ती गोष्ट माझ्या शौर्याची म्हणून सांगतं. मी ऐकून घेते आणि मला त्यांच्या तोंडावर काहीतरी मारावंसं वाटतं.

कारण त्या डब्याचा आणि माझ्या खोट्याचा परिणाम पाड्यावर झाला. लोकांना एवढंच दिसलं होतं, की सुईसाठी डबा वाजला. म्हणजे नर्सबाईही शेठचीच. त्या दिवशी सोनकीच्या पोराला टोचायचं राहून गेलं होतं. पेटीतल्या कुप्या वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात तरंगत परत आल्या. खांदा बरा झाल्यावर आई पुन्हा बुधवारी जाऊ लागली. पण तिची पांढरी साडी चढणीवर दिसली की बाया पोरं घेऊन जंगलात शिरत. आई प्रत्येक झोपडीत जाऊन बसे. घरात कुणी नसलं तरी बसे. मी तिला म्हणाले, त्यांना सांग ना, डबा माझ्या पोरीने वाजवायला लावला. ती म्हणाली, "तू माझी पोर आहेस. ते एकच झालं." होळीच्या आधी गोवर आला. आंबेपाड्यावर पोरं गेली. त्यांत सोनकीचं ते पोर गेलं. आईला त्याचा मृतदेहसुद्धा पाहू दिला नाही.

मी नर्स झाले ती यामुळे, असं म्हटलं की लोकांना बरं वाटतं. खरं म्हणजे मी आधी दुसरं काही व्हायचा बराच प्रयत्न केला. पण झाले नर्सच, आणि आई निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी अर्ज करून आंबेपाडा मागून घेतला. तोवर सिल्वासात कारखान्यांची गर्दी झाली होती, कोठी पडून गेली होती, शेठ मुंबईला गेला होता. भिखू मुकादम एका फाटकावर वॉचमन होता आणि मला पाहून सलाम करायचा. डबा कुठे गेला, कुणास ठाऊक. पण पाड्यातली माणसं दवाखान्याच्या ओट्यावर पाय ठेवत नव्हती. आता निवृत्त झाल्यावर मला कधीकधी प्रशिक्षणाला बोलावतात. तिथे तरुण अधिकारी पडद्यावर 'आरोग्यसमता' असा शब्द दाखवतात आणि विचारतात, ताई, दवाखाना दिला, औषध फुकट दिलं, तरी हे लोक येत का नाहीत? मी म्हणते, तुम्ही बोलावता तेव्हा त्यांना काय ऐकू येतं ते आधी विचारा. ते वहीत लिहून घेतात.

मी आंबेपाड्यावर रुजू झाले तेव्हा सोनकीला एक मुलगी होती, उशिरा झालेली, नऊ-दहा महिन्यांची. लहानूचा उजवा हात मनगटातून वाकडा. नांगर धरता येत नव्हता, तो गुरं राखायचा. मी गेले, जमिनीवर बसले, तिने पाणी दिलं नाही. मी म्हणाले, "सोनकी, तो डबा आईने नाही वाजवायला सांगितला. मी सांगितला. माझे पाय दुखत होते म्हणून. आणि चौकीत मी खोटं बोलले."

ती विडी ओढत होती. पुढचा अर्धा दात तिच्या बोलण्यात शीळ घालायचा. "आमाला ठाव होता," ती म्हणाली. "म्हातारीने तुला कोठीवर जाताना देखली. तुजी आय झूट बोलली नाय, पन तुला झाकून धरली. माजा पोर मेला तवा मी बोलली, तिची पोर जीती हाय."

मी पेटी पुढे ओढली. म्हणाले, "हिला टोचू?"

"नाय."

 खालच्या गावात गोवर सुरू झाला होता, पेटीत लस होती, पोर माझ्यापासून हातभर अंतरावर रांगत होतं. हिला काही कळतं का, असं मोठ्याने ओरडावं, पोर उचलावं आणि टोचून मोकळं व्हावं, असा जोर अंगात आला. अण्णांची मुलगी आहे मी. मग लक्षात आलं की या बाईने तोंडावर 'नाही' म्हटलं आहे, आणि आंबेपाड्यावर कुणी तसं म्हटल्याचं मी आजवर ऐकलं नव्हतं. मी पेटी उचलली आणि निघाले.

मागून ती ओरडली, "पुढच्या बुधवारी ये. तवा पन नायच बोलेन."

मी गेले. ती नाही म्हणाली. त्याच्या पुढच्या बुधवारी गेले, नाही म्हणाली. शेजारच्या बाया दारात उभ्या राहून बघायच्या, हिला नाही म्हटलं की ही खरंच जाते का. मी जात होते. दर वेळी चढून गेले की आधी पोर जिवंत आहे ना ते पाहायची. सात बुधवार असे गेले. या सात आठवड्यांत गोवर कधीही वर चढला असता. चढला असता तर मी आज हे लिहायला बसले नसते. आठव्या बुधवारी सोनकी दारातच बसली होती. मांडीवर पोर, पोराचा दंड उघडा. मी खाली बसले, कापूस ओला केला. तिने माझं मनगट धरलं, चांगलं करकचून, नखं रुतेपर्यंत, आणि तोंड माझ्या तोंडाजवळ आणलं.

"तू बोलली म्हनून नाय हां," ती म्हणाली. "मी बोलली म्हनून."

मग तिने मनगट सोडलं आणि मी टोचलं.